बुटातला पत्रीचा खिळा

पारोळ्याच्या बसस्टँडसमोर चुडामणशेठचं सोडावॉटरचं दुकान होतं. त्या दुकानाच्या दगडी पायरीच्या डाव्या अंगाला उखर्डू अठरा वर्षं बसला. डोक्यावर गोणपाटाचं छप्पर, पुढ्यात लोखंडी तिवई, कातडं भिजवायची मातीची कुंडी, आणि गालात तंबाखूची गोळी. आईची पहिली तीन पोरं पाळण्यातच गेली होती. चौथं झालं तेव्हा सुईणीनं ते नेऊन उकिरड्यावर लोळवलं आणि परत आणलं. घाणीतलं पोर मरणालाही नको वाटतं म्हणतात. पोर जगलं, नाव उखर्डू पडलं. कोणी नावावरून हसलं की तो म्हणायचा, "मरणनी नाक मुरडं मनाकडे देखीसन. तू कोन लागी गया?"

बाप मोटा शिवायचा. विहिरीवरच्या चामडी मोटा. पारोळ्यापासून कासोद्यापर्यंत त्याच्या हातची मोट गळली असं कोणी ऐकलं नाही. त्याचा एकच नेम होता: मोटेला लोखंड लावायचं नाही. लोखंड गंजतं, गंज कातडं खातो. सगळं शिवण कातड्याच्याच वादीनं करायचं, तेल पाजलेल्या. पुढं विहिरीवर विजेची मशिनं आली, मोटा गोठ्यात टांगल्या गेल्या, आणि बापही त्या सुमारास गेला. एक न विकलेली मोट घरात पडून राहिली. उखर्डू चपला शिवू लागला.

फुटबॉलशी त्याचा संबंध आला तो बॉल फाटला म्हणून. किल्ल्याच्या खालच्या मैदानावर किल्ला इलेव्हन नावाची टीम खेळायची. बॉलची शिवण उसवली की पोरं तो जळगावला पाठवत आणि आठ दिवस हात चोळत बसत. एकदा उखर्डूनं म्हटलं, आणा इकडं. बॉल उलटा करून, मेण लावलेल्या दोऱ्यानं त्यानं असा शिवला की दोन हंगाम तो बॉल हलला नाही. मग एरंडोल, अमळनेर, पार धुळ्याच्या पोलीस टीमचेसुद्धा बॉल त्याच्याकडे येऊ लागले. मॅच असली की तो गोलच्या मागं गोणपाट टाकून बसायचा. मांडीवर एक बॉल, हातात आरी. खेळ बघता बघता शिवण. नव्वद मिनिटांत तोंडातून शब्द नाही, पण गोल झाला की तंबाखूची पिंक लांब जायची. त्यावरून लोक समजायचे, म्हातारा खूश आहे.

आणि गुलाब. किल्ला इलेव्हनचा गुलाब.

गुलाब अनवाणी खेळायचा तेव्हापासून उखर्डूनं त्याला पाहिलेलं. डावा पाय असा चालायचा की बॉल पायाला बांधलाय वाटावं. उखर्डूला कोणी सांगितलं नव्हतं, पण एक दिवस त्यानं घरातली ती बापाच्या हातची मोट खाली काढली, तिच्या कातड्याचे तळवे कापले आणि गुलाबसाठी बूट शिवले. तळव्याखालचे गट्टू चामड्याचे थरावर थर रचून, वादीनं शिवलेले. बाजारातल्या बुटांना गट्टू खिळ्यांनी ठोकतात. ह्यात खिळा औषधालाही नाही. वरचं कातडं पुढं चारदा बदललं, तळवे तेच राहिले.

ह्या बुटांवर गुलाब मोठा झाला. मोठा म्हणजे किती? पारोळ्यात एका रेड्याचं नाव गुलाब ठेवलं गेलं, इतका. त्याच्यासारखी झुलपं ठेवून पोरं न्हाव्याला छळायची. गावच्या लग्नात व्याह्याच्या आधी त्याला टॉवेल-टोपी दिली जायची आणि व्याही रुसून मांडवाबाहेर बसायचे. त्यातून शहाऐंशीच्या उन्हाळ्यात लोकांनी टीव्हीवर वर्ल्डकप पाहिला. तोवर ज्यांना कॉर्नर कशाला म्हणतात ठाऊक नव्हतं, ते ऑफसाईडवरून मारामारी करू लागले. चुडामणशेठ गोल झाला की सोड्याची बाटली फोडायचा. गोटी फट्‌कन आत जायची आणि शेठला वाटायचं, गोल आपणच मारला.

गुलाब आधीपासून काही साधू नव्हता. कॉर्नरच्या गर्दीत चिमटे काढायचा, कोपर मारायचा, समोरच्याच्या कानात त्याच्या बहिणीचं नाव घ्यायचा. फॅन लोकांना ते फार आवडायचं. "दम शे गड्यामा," म्हणायचे. स्वतःच्या घरात बायकोपुढं ज्यांचा आवाज निघत नाही, त्यांना दुसऱ्याचा दम फार गोड लागतो.

अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत खानदेश शील्डच्या मॅचेस पारोळ्यात भरल्या. गुरुवारी सेमीफायनल, किल्ला इलेव्हन आणि नशिराबाद. धूळ बसावी म्हणून मैदानावर पाणी मारलेलं. नशिराबादचा गोलकीपर अमीन नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा. अंगानं काडी, हातमोजे लोकरीचे. त्या काडीनं गुलाबचे तीन बॉल अडवले. पहिल्याला लोक चुकचुकले. दुसऱ्याला गप्प झाले. तिसरा त्यानं एका हातानं असा बाहेर काढला, की मैदानाच्या कडेला बसलेल्या बाया हसल्या. मग माणसंही हसली. दोन हजार माणूस गुलाबला हसलं.

दहा मिनिटं उरली होती. अमीननं पुढं येऊन बॉलवर अंग टाकलं, उठता उठता बॉल लांब फेकला. रेफरी पाठ करून बॉलमागं पळाला. लाईनमन पलीकडच्या अंगाला. अमीन गुडघ्यावर होता. गुलाब परत निघालेला, दोन पावलं गेला, वळला, आणि त्यानं त्या पोराच्या तोंडावर डाव्या पायाची लाथ घातली. दगडी पायरीवर ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला.

उखर्डू दहा हातांवर होता.

एक श्वास घ्यावा इतका वेळ मैदान गप्प राहिलं. तेवढ्या वेळात माणूस माणसासारखा वागू शकतो. मग चुडामणशेठ ओरडला, "गुलाऽऽब्या!" आणि अख्खं मैदान "गुलाब्या, गुलाब्या" करत उठलं. रेफरी वळून पाहतो तो गोलकीपर पालथा आणि मातीत रक्त. त्यानं लाईनमनला विचारलं, लाईनमननं नाही म्हणून मान हलवली. कडेच्या लोकांना विचारलं. दोन हजार माणसं, चार हजार डोळे, आणि दिसलं एकालाही नाही. कोणी म्हणे माझ्या डोळ्यात कचरा गेला होता, कोणी म्हणे मी बिडी पेटवत होतो. नशिराबादहून ट्रकमधून तेरा माणसं आलेली, ती आई-बहिणीवरून ओरडत होती, पण तेरांचं कोण ऐकतो?

उखर्डूला कोणी विचारलं नाही. तोही उठला नाही. मांडीवरचा बॉल शिवत राहिला. एक टाका दोनदा घातला गेला, तो त्यानं उसवला आणि पुन्हा घातला.

पोराला खाटेवर घालून नेलं. नशिराबादच्या एका बॅकनं हातमोजे घातले, गुलाबनं त्याला दोन गोल मारले, आणि लोकांनी गुलाबला खांद्यावर घेऊन बाजारपेठेतून फिरवलं. बुटावर रक्त होतं ते एका फॅननं स्वतःच्या शर्टानं पुसलं. तो शर्ट पुढं त्यानं धुतला नाही म्हणतात. अशी भक्ती.

शुक्रवारी सकाळी सोड्याच्या दुकानात दरबार भरला. जळगावच्या दवाखान्यातून बातमी आली होती: जबडा मोडला, पाच दात गेले, गाल फाटून नऊ टाके पडले. नशिराबादवाल्यांनी तक्रार लिहून दिली होती. शनिवारी दहा वाजता शाळेत कमिटी बसणार, आणि कमिटीचा मुख्य धुळ्याचा भिका गुरुजी. गुलाब दोषी ठरला तर रविवारी फायनलला बाहेर.

खाली पायरीपाशी उखर्डू एका वहाणेला अंगठा लावत होता. वरच्या लोकांना तो दिसत नव्हता असं नाही. पायरी दिसते तसा दिसत होता.

"मी म्हनस, गोलकीपर व्हयना म्हंजे तोंड संभाळानं काम त्यानंच," एक म्हणाला.

"त्यानी तोंडच घाली दिनं बुटपुढे."

"बाकी पोऱ्या चिवट शे. दुसरा कोनी ऱ्हाता ते मरी जाता."

"मराले पाहिजे व्हता का मंग?"

"नही रे बाप्पा! मरता ते पोलिसेसनं लफडं."

सगळे हसले. कौतिक म्हणून एक जण होता, मार्केट कमिटीत कारकून. अर्ज लिहिण्यात हुशार, म्हणून गावात वकील समजला जायचा. तो म्हणाला, "हसू नका. लाथ लागली हे कबूल करायचं. पळता पळता पाय लागला. तेवढ्यानं कोणी दोषी होत नाही. अडचण आहे ती गालाची. गाल फाटला, म्हणजे मुद्दाम जोरात मारली असं गुरुजी म्हणतील. आता समजा बुटाचा खिळा वर आलेला होता. मग नुसता पाय लागला तरी गाल फाटेल की नाही?"

"फाटी!" चुडामणशेठ मांडीवर थाप मारून म्हणाला. "वा रे वकील! खिळा!"

आणि मग सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं.

चुडामणशेठ सोड्याची बाटली घेऊन पायरी उतरला. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"उखर्डूभाऊ, सोडा पे."

उखर्डूनं बाटलीकडे पाहिलं. "कोनी मरी गयं का, शेठ?"

"हाई देखा! प्रेमथिन दिना ते..." शेठ उकिडवा बसला. "काही नही. उद्या शाळामा येवानं. गुरुजी पुसतीन, तू सांगानं, खिळा वर येल व्हता, माले ठोकानं राही गयं. बस. चुकी व्हस माणूसनी."

"मना बुटमा खिळा नही ऱ्हास, शेठ. मी वादीनं शिवस."

"नही ऱ्हास, ते व्हई जाई. ते तू आमनावर सोड."

"आनि मना नावनं काय? चार तालुकाना लोके माले बॉल देतस. उद्या म्हनतीन, ह्याना बूटनी पोऱ्यानं तोंड फाडं."

वरून कौतिक हसला. "तुझं नाव? बापा, तुझं नाव उखर्डू. उकिरड्याचं नाव आणखी काय खराब होणार?"

अख्खं दुकान हसलं. बरणीतला बर्फसुद्धा हलला. उखर्डू हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं वहाणेचा अंगठा ओढून पाहिला, पक्का बसला होता.

तेवढ्यात गुलाब राजदूतवरून आला. गाडी बंद केली नाही, खाली उतरला नाही. आरशात बघून झुलपं सारखी केली.

"नाना," तो उखर्डूला म्हणाला, "संभाळी ल्या. दोन शबदनं काम शे."

"एक इचारू का रे?" उखर्डू म्हणाला. "काब्र मारी त्याले? बॉल ते निंघी गयथा."

गुलाबनं जरा विचार केला. खोटं बोलायचीही त्याला गरज वाटली नाही. "लोके हसनात ना," तो म्हणाला, आणि गाडी वळवून निघून गेला.

एवढंच कारण. उखर्डूला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. शिवी दिली असेल, जुनं वैर असेल. बाया हसल्या म्हणून! बापाच्या मोटेचे तळवे असल्या पायाखाली दिले ह्याची त्याला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त किळस. तरी त्यानं शेठला नाही म्हटलं नाही. "देखसू," म्हणाला.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. द्रौपदाबाई वालाच्या शेंगा सोलत होती. तिनं हात थांबवला नाही.

"नशिराबादना पोऱ्या तुना कोन?"

"कोनी नही."

"गुलाब्या तुना कोन?"

"त्यो बी कोनी नही आते."

"आनि पायरी कोनी?"

"शेठनी."

"मंग मान हालाई दे. मान हालावाले काही तोंड उघडनं पडत नही. तुना बापनी मोट काय बुडनार शे आते?"

उखर्डूनं रात्रीची भाकर खाल्ली आणि ठरवलं, मान हलवायची. बोलायचं काही नाही. गुरुजी विचारतील, आपण खाली पाहायचं आणि मान हलवायची. उद्या परवा लोक विसरतील. बॉल कोणाकडे नेणार? जळगावला पाठवून आठ दिवस हात चोळणार आहेत थोडेच?

शनिवारी शाळेच्या सातवीच्या वर्गात कमिटी बसली. भिका गुरुजी हे धुळ्याचे निवृत्त पीटी मास्तर. धोतर, वर कोट, गळ्यात शिट्टी. शिट्टी मीटिंगलाही गळ्यात असायची. कानानं अर्धे बहिरे, पण बॉल नीट फुगलाय की नाही हे अंगठ्यानं सांगायचे. शेजारी दोघे कमिटीवाले, जे फक्त चहाच्या वेळी बोलत. एका बाकावर नशिराबादचा कॅप्टन. अमीन आला नव्हता. त्याचं तोंड तारेनं बांधलेलं होतं, आला असता तरी काय बोलला असता? खिडक्यांना गजापर्यंत फॅन चिकटलेले. गुलाब मागच्या बाकावर पाय पसरून बसला होता, नापास झालेल्या पोरासारखा नाही, इन्स्पेक्टरसारखा.

कौतिकनं झकास भाषण केलं. अपघात म्हणाला, दुर्दैव म्हणाला, खेळाडूचं भवितव्य म्हणाला. मग चुडामणशेठनं टॉवेलात गुंडाळलेला डावा बूट टेबलावर ठेवला.

"हा बूट कोणी शिवला?" गुरुजींनी विचारलं.

"मी," उखर्डू म्हणाला. दाराशी उभा होता, पुढं झाला.

"खिळा वर आला होता म्हणतात. खरं का?"

उखर्डूनं ठरवल्याप्रमाणे खाली पाहिलं. खाली पाहिलं म्हणजे बुटाकडे पाहिलं, कारण बूट टेबलावर उताणा पडला होता.

पुढच्या गट्टूच्या मधोमध खिळा होता. चपटा, जाड, चौकोनी डोक्याचा, करंगळीएवढा. कोणी तरी तो हातोड्यानं ठोकला होता, आणि ठोकणाऱ्याला कातडं आणि लाकूड ह्यातला फरक ठाऊक नव्हता. चामड्याचे सगळे थर उभे फाटले होते. वादी तुटून तिचं टोक बाहेर आलं होतं. तळव्यालाही चीर गेली होती, बापाच्या मोटेच्या कातड्याला, जे विहिरीत वीस वर्षं राहूनही गळलं नसतं. आणि खिळा कसला? बैलाला पत्री मारायचा. रस्त्यावरून चालणाऱ्या बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री बसवतात, तिचा. फॅन लोक गेले असणार बैलबाजारात पत्रीवाल्याकडे, सगळ्यात मोठा खिळा दे म्हणाले असणार. बारा वर्षं ह्या बुटांना खांद्यावर घेऊन नाचले, पण तळवा उलटा करून एकानंही पाहिला नव्हता.

"काय हो, खरं का?" गुरुजी म्हणाले.

"हाऊ बूट कोनी फाडा?" उखर्डू म्हणाला.

"अं?"

"मी म्हनस, हाऊ बूट कोनी फाडा!" आवाज असा चढला की खिडकीतले दोघे खाली उतरले. "गुरुजी, हाऊ खिळा बैलनी पत्रीना शे. माले बैलेसना जोडा शिवता येत नही. हात लावीसन देखा."

गुरुजींनी अंगठा फिरवला. बॉलवर फिरवतात तसा. "नवा आहे," ते म्हणाले. "गंजाचा ठिपका नाही."

"गुरुवारथिन त्यो ओल्ला मातीमा ऱ्हाता ते लाल व्हई जाता ना? आनि हाई देखा." उखर्डूनं कमरेची रापी काढली. शेठ म्हणाला, "ओ, ओ, सुरी!" पण तोवर उखर्डूनं दुसऱ्या गट्टूचं शिवण कापलं होतं. मग तिसऱ्याचं. सहाही गट्टू त्यानं टेबलावर एकापुढं एक मांडले, सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारखे. "एकमा तरी लोखंडनं भोक दखाडा. मना बाप मोटले लोखंड लावे नही, मी बुटले लावत नही. ज्यानी हाऊ खिळा ठोका त्यानी हात बैलबजारमा धुवाले पाहिजेत."

"म्हातारा झाला तो, गुरुजी," चुडामणशेठ म्हणाला. "डोळे गेले त्याचे."

"डोळे गेले तर शिवतो कसा?" गुरुजी म्हणाले. अर्धे बहिरे असून हे त्यांना स्पष्ट ऐकू आलं. मग उखर्डूकडे वळले. "खिळा नव्हता, तर गाल कशानं फाटला?"

"लाथथिन."

"चुकून लागली?"

"चुकीसन? पोऱ्या गुडघावर व्हता. बॉल चाळीस हात दूर. हाऊ दोन पावलं गया, मांगे वळना, आनि नेम धरीसन मारी. मी गोलमांगे व्हतू. दहा हात."

कौतिक उठला. "एकट्याचं कसं धरता गुरुजी? दोन हजार लोक सांगतात, आम्हाला दिसलं नाही."

"बरोबर आहे," भिका गुरुजी म्हणाले. "दिसलं नाही ते दोन हजार. ह्याला दिसलं. मग विचारायचं कोणाला?"

गुलाबला दोन वर्षं बंदी लागली. तो उठला, उखर्डूच्या अंगावरून जाताना थांबला. लोकांना वाटलं मारतो आता. पण तिथं गुरुजी होते, समोर होते, आणि बघत होते. असल्या वेळी गुलाबचा पाय उठत नसे.

रविवारी फायनलला धुळ्यानं चार गोल मारले. हाफटाईमला मैदान अर्धं रिकामं. चुडामणशेठनं एकही बाटली फोडली नाही. संध्याकाळी उखर्डूचं गोणपाट, तिवई आणि कुंडी गटारीत सापडली. कुंडी फुटली होती. कोणी टाकली विचारलं, तर नेहमीप्रमाणे कोणालाच दिसलं नव्हतं.

आठवडाभर गावात त्याला गद्दार म्हणत होते. पंधरा दिवसांनी त्याच सोड्याच्या दुकानात चुडामणशेठ म्हणत होता, "गुलाब्या तसा भंगारच व्हता. डाव्वा पाय सोडा ते काय व्हतं त्यानाकडे?" महिन्यानं अमळनेरच्या एका नव्या पोराच्या नावानं बाटल्या फुटू लागल्या. त्या रेड्याचं नावही कोणी घेईना, तो बाजारात विकला.

उखर्डू अमळनेर नाक्यावर सुपडू पंक्चरवाल्याच्या शेजारी बसू लागला. सुरुवातीला ओळखीचे लोक नाक्यावरून मान फिरवून जायचे. पण चप्पल तुटली की माणूस कोणाचा फॅन राहत नाही. एक पाय ओढत, इकडं तिकडं बघत, एकेक जण यायचा. कौतिकसुद्धा आला. उखर्डूनं त्याची वहाण शिवून दिली, आणि तो गेल्यावर लांब थुंकला. उलट उखर्डूचं नाव वाढलं. शिरपूरहून बॉल आले, साक्रीहून आले. बॉल देणारा म्हणायचा, "तुम्हीच ना ते? खिळावाले?" उखर्डू आरीवरून नजर न काढता म्हणायचा, "खिळावाला नही. बिनखिळावाला." आणि सुपडूला ही गोष्ट दर दोन दिवसांनी पहिल्यापासून ऐकावी लागायची.

होळी झाल्यावर एका दुपारी जळगावच्या बसमधून एक पोरगा उतरून नाक्यापर्यंत चालत आला. गालावर उभा वण, जबडा एका अंगाला बसलेला. उखर्डूनं ओळखलं. हातातलं काम ठेवलं, स्टूल झटकून पुढं केलं, सुपडूला म्हणाला, "हाऊ त्योच पोऱ्या. अमीन."

पोरगा बसला नाही. बोलायला लागला तर पुढच्या दातांच्या जागेतून वारा जायचा, पण सावकाश बोलत होता, शब्द शब्द कळत होता.

"चाचा, धुळ्याला दातांच्या डॉक्टरकडे चाललोय. भिका गुरुजींनी सांगितलं, तुम्ही बोललात म्हणून. म्हटलं भेटून जावं."

"व्हय," उखर्डू म्हणाला. छाती जरा पुढं आली. "बोलनू. कोनले भ्यानू नही."

"मला एक विचारायचं होतं." पोरगा त्याच्याकडे सरळ बघत होता. "मी पडलो, तेव्हा माझं तोंड तुमच्याकडे होतं. मला तुम्ही दिसत होतात. रेफरी सगळ्यांना विचारत होता, कोणी पाहिलं का, कोणी पाहिलं का. तुम्ही शिवत होतात."

सुपडू ट्यूब घेऊन पाण्याच्या टपापाशी गेला होता. उखर्डूनं तिकडं पाहिलं, मग परत पोराकडे.

"त्या लोकांनी तुमचा बूट फाडला नसता," अमीन म्हणाला, "नुसतं बोलून भागवलं असतं, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

नाक्यावरून उसाची एक ट्रॉली गेली. तिचा आवाज विरेपर्यंत उखर्डू रिकामं स्टूल पुसत राहिला. मग म्हणाला, "मान हालाई दिनी ऱ्हाती."

अमीननं मान डोलावली. राग नव्हता त्यात. "मलाही तेच वाटलं होतं," तो म्हणाला. "गुरुजी म्हणाले, तसं नाही. म्हणून विचारलं." धुळ्याची बस दिसली, तसा तो हात करत पळाला. पळणं अजून तसंच होतं, काडीसारखं, हलकं.

सुपडू ट्यूब झटकत परत आला. "काय म्हने पोऱ्या?"

"काही नही," उखर्डूनं आरी उचलली. "दात नहीत ना त्याले. समजनं नही काही."